दोन वाजताचं जेवण

त्या गावात प्रत्येक तास दोनदा वाजायचा. चर्चच्या घंटेनं बारा टोले दिले की दोन मिनिटं शांतता, आणि मग पुन्हा तेच बारा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दादा म्हणाले, घड्याळ बिघडलंय. माझे वडील फिटर होते. जगातली प्रत्येक वस्तू त्यांना एकतर बिघडलेली दिसायची, नाहीतर महाग. आई म्हणाली, "बिघडलेलं कसलं? माणसं शेतात असतात. पहिल्यांदा ऐकू आलं नाही तर परत सांगतात." पुढे शाळेत फ्रेंचच्या मिसना विचारलं, तर आईचंच बरोबर निघालं. आई एका हिंदी सिनेमापेक्षा जास्त वेळ कधी कुठे बसून राहिली नव्हती, तिला फ्रेंचचं एक अक्षर येत नव्हतं, पण अशा गोष्टी तिला आपोआप कळायच्या. मला फ्रेंच येत होतं. त्याचा उपयोग मी काय केला, ते सांगायला हे प्रकरण लिहिते आहे.

आम्ही इंग्लंडमध्ये स्लाऊला, ट्रेडिंग इस्टेट नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीमागच्या गल्लीत राहायचो. वारा फिरला की घरात चॉकलेटचा वास यायचा, नाही फिरला तर आईच्या फोडणीचा. दादा इस्टेटवरच्या एका कारखान्यात, आई त्याच कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये. निळा ओव्हरऑल, केसांवर जाळी, हातात पळी, आणि समोर तीनशे माणसांची रांग. शेवटचा माणूस अडीचला जेवून गेला की आई भांड्यांच्या बेसिनपाशी उभी राहून जे उरलं असेल ते खायची. घरीही तसंच. आधी दादा, मग मी, मग पाहुणे असतील तर पाहुणे, आणि शेवटी ती, तेही कढई पुसता पुसता. तिला मी ताटासमोर पूर्ण मांडी घालून बसलेली फारशी आठवत नाही. कोणी तसं ठरवलं नव्हतं. तिला कोणी वाढलंच नव्हतं, इतकंच.

फ्रान्सला आम्ही गेलो ते दादांच्या फोरमनमुळे. त्याची एक जुनी कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, दक्षिणेत एका शेतकऱ्याच्या वावरात उभी होती, आणि वर्षातले पंधरा दिवस ती आम्हाला मिळायची. बदल्यात दादांनी तिचे गळके नळ आणि गंजलेली दारं दुरुस्त करायची. दादांनी हा सौदा मला अभिमानानं सांगितला होता. मी घासाघीस त्यांच्याकडूनच शिकले. आज स्लाऊमध्ये भाजीचे ठोक व्यापारी माझं नाव ऐकून उसासे टाकतात, त्याचं श्रेय त्यांचं. बाकी कशाचंही श्रेय मी त्यांना या पानांवर देणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पहिल्या वर्षी गाडीच्या डिकीत कुकर, तुरीची डाळ, पोळपाट, कांद्यांची जाळी आणि दोन किलो मसाला घालून आम्ही दोन दिवस गाडी हाकत गेलो. पहिल्या रात्रीच शेगडीचा गॅस संपला. तिथली टाकी आणली, तर आमच्या शेगडीचं तोंड तिला बसेना. इंग्लंडचा आटा वेगळा, फ्रान्सचा वेगळा. दादा दोन दिवस पान्यांशी झुंजले, घामानं निथळले, फ्रेंच लोकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आम्ही पाव आणि टोमॅटोवर होतो. तिसऱ्या दिवशी बारा वाजता त्यांनी पाना फेकला आणि म्हणाले, "चला वरच्या गावात. तिथं कायतरी खानावळ आहे म्हणतात."

डोंगराच्या कडेला चिकटलेलं वीस-पंचवीस घरांचं गाव, चर्चसमोर एक छोटा चौक, आणि चौकात ती खानावळ. रेस्टॉरंट म्हणावं असं तिथं काही नव्हतं. सहा टेबलं, त्यांवर कागद अंथरलेला, दाराला मण्यांचा पडदा. मेनूकार्ड मागितलं तर दादांच्याच वयाचा शेजारच्या टेबलावरचा शेतकरी हसला. त्या दिवशी जे शिजलं असेल ते सगळ्यांना, बारा ते दीड. त्यानंतर कोणीही आलं तरी नाही. हा त्या भागाचा नियमच होता. वाढणारी बाई एकच होती, आईच्याच वयाची, बाह्या कोपरापर्यंत वर, खांद्यावर फडकं. तिचं नाव आम्हाला कधी कळलं नाही. आई तिला 'ती बाई' म्हणायची, नंतर नंतर 'माझी बाई'.

आधी टोमॅटोच्या चकत्या आल्या, नुसतं मीठ आणि तेल घातलेल्या. मग झाकणाच्या मोठ्या भांड्यात सूप आलं आणि भांडंच टेबलावर ठेवून बाई निघून गेली. किती घ्यायचं ते ज्याचं त्यानं. त्यात शेंगा, दुधी भोपळ्याच्या जातीचं काहीतरी, पांढरे दाणे, आणि वर लसणाबरोबर वाटलेला हिरवा पाला. आईनं वास घेतला आणि चमचा थांबवला.

"अगं बाई, यांनी तुळस वाटून घातलीय!"

"जेव गपचूप," दादा म्हणाले. "तुळस इकडं कुठली?"

आईनं एक चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले. "तुळस नाही. तुळशीची मावसबहीण आहे." आणि मग तिनं तीन वेळा सूप घेतलं. आईनं कुठलीही गोष्ट तीन वेळा घेतल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पुढे मटण आलं. आई घरी मटण शिजवायची पण खायची नाही. ताटलीतल्या तुकड्यांभोवती ती बटाटे गोळा करत बसली. बाईनं येता-जाता पाहिलं असावं. पाच मिनिटांत तिनं ती ताटली उचलली आणि ऑम्लेट आणून ठेवलं. ताटली नेताना आईचा काटा मात्र उचलून पुन्हा कागदावरच ठेवला, पुढच्या पदार्थासाठी. "खरकटा काटा परत?" मी नाक मुरडलं. आई म्हणाली, "धुणं कमी. शहाणी आहे बाई." शेवटी पीच आले. खाऊन झालं तशी आई सवयीनं उठली, तीन ताटल्या एकावर एक रचल्या आणि आत निघाली. मण्यांच्या पडद्यापाशी बाईनं तिला अडवलं, ताटल्या काढून घेतल्या, आणि दुसऱ्या हातानं तिचा खांदा धरून तिला परत खुर्चीपर्यंत आणून बसवलं. दाबून बसवलं म्हणा. मग एक छोटी कॉफी तिच्यासमोर ठेवली. आईला कॉफी आवडत नसे. ती तिनं शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

स्लाऊला परत आल्यावर आई ही गोष्ट कॅन्टीनमधल्या बायकांना सांगायची, देवळातल्या बायकांना सांगायची, फोनवर इल्फर्डच्या आत्याला सांगायची. सूपाबद्दल दोन वाक्यं, आणि मग, "तिनं मला खांद्याला धरून बसवलं हो." तिच्या तोंडून ते वाक्य इतक्यांदा ऐकून मी वैतागायची. हिवाळ्यात तिनं पुदिना घालून ते सूप करून पाहिलं. "नाही गं," म्हणाली, "मावसबहीण पाहिजे."

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही त्या खानावळीत गेलो नाही. दादांना आता चटक लागली होती आणि त्यांनी खालच्या खोऱ्यातली गावं पालथी घातली. एका ठिकाणी ट्रकवाल्यांची गर्दी होती, एकामागून एक सात पदार्थ यायचे आणि मालक स्वतः पाव कापत फिरायचा. दुसऱ्या गावी नदीकाठी तळलेले बारीक मासे मिळायचे, ते दादा शेपटीसकट खायचे. आई प्रत्येक ठिकाणी नीट जेवायची, छान आहे म्हणायची. वरच्या गावाचं नाव एकदाच काढलं तिनं. दादा म्हणाले, "तिथं चढ फार आहे, गाडी तापते." मागून घेणं तिला ठाऊक नव्हतं. मी मागणारी होते, पण तेव्हा मी स्वतःसाठी मागायची.

तिसऱ्या उन्हाळ्यात मी सोळा वर्षांची होते. निघायच्या आठवडाभर आधी हॉस्पिटलचं पत्र आलं होतं. सप्टेंबरात आईचं ऑपरेशन. कसलं ते माझ्यासमोर कोणी मोठ्यानं बोललं नाही, पण आईनं माझ्या हिवाळ्याच्या कपड्यांना नावाच्या पट्ट्या शिवायला जुलैतच सुरुवात केली, त्यावरून मी समजले. आणि कॅरॅव्हॅनमध्ये, शेवटून दुसऱ्या संध्याकाळी, आलं किसता किसता ती म्हणाली, "अहो, जायच्या आधी एकदा त्या बाईकडचं सूप खायचंय मला."

दादांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. आमच्या घरात आईनं 'मला पाहिजे' म्हटलेलं ते पहिलंच वाक्य असेल.

"जाऊ की," दादा म्हणाले. "उद्या जाऊ. बाराच्या ठोक्याला."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आई तयार होती. तिनं नारायणपेठी साडी नेसली होती, जी ती फक्त इल्फर्डच्या लग्नांना नेसायची. पर्समध्ये त्या बाईसाठी एक छोटी पुरचुंडी होती, घरच्या गोड्या मसाल्याची. साडेदहाला आम्ही निघालो. खालच्या गावातून जाताना रस्त्याच्या कडेला जुन्या वस्तूंचा बाजार भरला होता. मोडके दिवे, कपबश्या, गाद्या. दादांनी गाडी बाजूला घेतली. "दोन मिनिटं," म्हणाले. त्यांना एका चादरीवर पान्यांचा सेट दिसला होता, जुना, जड, लाकडी पेटीतला. "सुधे, चल. बोलायला तू पाहिजेस."

मी गेले. खोटं कशाला लिहू, उड्या मारत गेले. सोळाव्या वर्षी वडिलांनी आपल्याला कामाचं समजावं यासारखं सुख नसतं. विकणारा म्हातारा हट्टी होता, दादा त्याच्याहून, आणि मधे मी. दादा मराठीत शिव्या द्यायचे, मी त्यांचं फ्रेंचमध्ये सभ्य काहीतरी करायची, म्हातारा हात झटकून पाठ फिरवायचा, आम्ही निघून जायचं नाटक करायचो, तो परत हाक मारायचा. ऊन वर चढत होतं. एकदा मी पाणी घ्यायला गाडीकडे गेले तेव्हा आईच्या कपाळावरचं कुंकू घामानं खाली ओघळलं होतं. दोन्ही खिडक्या उघड्या, मांडीवर पर्स.

"सुधा, किती वाजले गं?"

"पाच मिनिटं, आई. आता देतोच आहे तो."

तिनं किती वाजले ते विचारलं होतं. मी वेळ सांगितलीच नाही.

पाने मिळाले. दादा गाडीत बसले तेव्हा शीळ घालत होते. मग त्यांनी मनगटाकडे पाहिलं आणि शीळ थांबली. चढावर गाडी खरंच तापली, वाटेत एकदा थांबावं लागलं. वरच्या चौकात गाडी उभी करून दार उघडलं, तेव्हा चर्चच्या घंटेचे दोन टोले पडले. आम्ही चौक ओलांडून खानावळीच्या दारात पोचलो, तेव्हा ते दोन पुन्हा पडले.

आत टेबलं पुसली जात होती. बाई तीच होती, फडकं तेच. तिनं आम्हाला ओळखलं की नाही कोण जाणे. मान हलवून म्हणाली, स्वयंपाकघर बंद झालं, संपलं सगळं.

मी अजून त्या बाजारातच होते. मला 'नाही' म्हणजे सौद्याची सुरुवात वाटायची. मी म्हटलं, फक्त सूप. ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, सूप आणि पाव, आम्ही पंधरा मिनिटांत उठतो. ती म्हणाली, मुली, दीडची वेळ असते. आई माझा हात मागून ओढत होती, "राहू दे गं सुधा, उशीर आपण केलाय." दादा पुढं बोल म्हणून मला कोपरानं ढोसत होते, ती ढोसणी मला आजही बरगडीत जाणवते. आई आजारी आहे, दोन वर्षं हिनं तुमच्या सूपाची आठवण काढली, एवढं साधं सांगितलं असतं तर? ते मला सुचलं नाही. ते मागणं वाटलं असतं, आणि मला जिंकायचं होतं. शाळेच्या मैदानावर मी एक वाक्य शिकले होते, जे बऱ्याचदा खरं असायचं. ते मी इथं, जिथं ते खरं नव्हतं तिथं, मोठ्यानं फ्रेंचमध्ये म्हटलं: "आम्ही गोरे असतो तर तुम्ही वाढलं असतं."

बाई लाल झाली. कपाळापर्यंत लाल. बाजूला झाली, एका टेबलावर नवा कागद अंथरला, तीन खोलगट ताटल्या मांडल्या आणि झाकणाचं ते भांडं आणून ठेवलं.

"शाबास," दादा हळूच म्हणाले. हा शब्द ते पुढे विसरले. मी विसरले नाही.

दादांनी वाढून घेतलं, मी घेतलं, आईच्या ताटलीत मीच भरभरून वाढलं. तोच वास, तोच हिरवा पाला. आईनं चमचा उचलला आणि तिची नजर मण्यांच्या पडद्यातून आत गेली. ती बसली होती तिथून स्वयंपाकघरातलं टेबल दिसत होतं. त्यावर तीन पानं मांडलेली होती. बाई, एक म्हातारी, आणि भांडी घासणारी एक मुलगी, अशा तिघी त्याभोवती होत्या. मधोमध, जिथं काहीतरी ठेवायला लाकडी पाट मांडला होता, तिथं काहीच नव्हतं. म्हातारी पाव कापून वाटत होती.

आईनं चमचा खाली ठेवला.

"सुधा, हे त्यांचं जेवण आहे."

"असू दे ना, आई. दिलंय तिनं."

"दिलंय म्हणजे काय? कॅन्टीनला अडीचला येऊन कुणी आरडाओरडा केला तर मीपण देते. आणि मग चहात पाव बुडवते."

"तू आता खाणार आहेस की नाही?" दादा म्हणाले. "एवढं केलं पोरीनं."

आई उठली, दोन्ही हातांत ती काठोकाठ भरलेली ताटली घेतली, आणि एक थेंब न सांडता आत गेली. "चल," मला म्हणाली. आत तिघी उभ्या राहिल्या. आईनं ताटली त्यांच्या टेबलावर त्या रिकाम्या पाटावर ठेवली, पदर सावरला आणि हसली. इतकं मोकळं हसू मी तिच्या तोंडावर क्वचित पाहिलं आहे.

"सांग तिला, सुधा. म्हणावं, तुझं सूप मी दोन वर्षं विसरले नाही. पण जिनं रांधलं तिच्या तोंडचं काढून मला गिळवत नाही. म्हणावं, आधी तुम्ही बसा. उरलं तर मी तुमच्याबरोबर घेईन."

मला प्रत्येक शब्दाचं फ्रेंच येत होतं. परीक्षेत मला त्या वर्षी वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते. पण माझे कान जळत होते. तिच्यासाठी मी भांडले, तिच्यासाठी मी त्या बाईला नको ते बोलले, आणि ही सगळं उचलून परत द्यायला निघाली होती, माझ्याच तोंडून. मी बाईकडे पाहिलं आणि म्हटलं, "तिला आवडलं नाही."

बाईनं आईकडे पाहिलं. आई मान डोलावत होती, हसत होती, हातानं बसा बसा म्हणत होती. बाईनं ती ताटली उचलली, बेसिनजवळच्या बादलीपाशी गेली आणि सगळं सूप बादलीत ओतलं. मग आमच्याकडे पाठ करून नळ सोडला.

आईचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ ते तसंच राहिलं, कुठं जावं ते न समजल्यासारखं. गोड्या मसाल्याची पुरचुंडी तिनं पर्समधून अर्धी बाहेर काढली होती, ती परत ठेवली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "टाकलं का गं तिनं?"

"उष्टं चालत नाही त्यांना."

"पण मी हात नव्हता लावला."

अर्ध्या उतारावर तिनं विचारलं, "तिला कळलं ना, मी काय म्हणाले ते?"

"हो," मी म्हटलं.

आणि तेव्हाच दादा म्हणाले, "हिच्या तोंडामुळं विचका झाला सगळा. बाईमाणसाशी असं भांडतात?"

हे वाक्य पुढे चाळीस वर्षं चाललं. इल्फर्डला आत्याकडे गणपतीच्या जेवणावळीत, माझ्या लग्नात, माझ्या मुलीच्या बारशाला. "आमच्या सुधीच्या तोंडापायी तिची आई फ्रान्समध्ये भरल्या पानावरून उपाशी उठली हो." लोक हळहळायचे, माझ्याकडे बघायचे. बाजारात उन्हात गेलेल्या तासांचा उल्लेख त्या गोष्टीत कधी आला नाही. पान्यांचा आला नाही. 'शाबास' तर नाहीच. एकदा मी ताट आपटून म्हटलं, "दादा, गाडी कोणी थांबवली ते पण सांगा की." ते म्हणाले, "बघा, अजून तसंच तोंड आहे." सगळे हसले. त्यानंतर मी त्यांच्याशी दीड वर्ष बोलले नाही. शेवटी केअर होममध्ये, नर्सला माझी ओळख करून देतानाही त्यांनी तीच गोष्ट सुरू केली. मी त्यांना माफ केलेलं नाही. ते गेल्यावर गॅरेज आवरताना ती लाकडी पेटी सापडली. पाने तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले होते. तेल अजून सुकलं नव्हतं. घेतल्यापासून त्यातला एकही पाना वापरलेला दिसत नव्हता. याचा अर्थ काय लावायचा ते मला माहीत नाही, आणि लावून त्यांना सूट द्यायची माझी तयारी नाही.

कारण ती सूट दिली तर बाकीचं सगळं माझ्या पदरात येतं. मी त्यांनी केलेला उशीर मोजत बसते, म्हणजे माझे ते तीन शब्द लहान दिसतात. स्वयंपाकघरात मी काय म्हटलं, ते त्यांना कधीच कळलं नाही. कोणालाच कळलं नाही.

आईचं ऑपरेशन झालं, मग दुसरं झालं. जानेवारीत ती हॉस्पिटलमध्येच होती. एका दुपारी ट्रॉलीवरून तिच्यासाठी सूप आलं, पिवळं, पाकिटातलं. तिनं चमचा फिरवला आणि मला म्हणाली, "त्या बाईला तू नीट सांगितलंस ना गं?"

"सांगितलं, आई."

"मग काय म्हणाली ती?"

मला काहीतरी म्हणणं भाग होतं. "म्हणाली, परत या. बारा वाजता या म्हणाली."

आईला बरं वाटलं. तिनं त्या सूपाचे दोन-तीन चमचे घेतले. "मग जाऊ," म्हणाली. "मसाला नवा करून नेऊ. तो जुना झाला असेल." फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली.

स्लाऊमध्ये माझं जेवणाच्या डब्यांचं किचन आहे. मी ते एका शेगडीपासून उभं केलं आणि आता वेअरहाऊसेसना, ऑफिसेसना रोज डबे जातात. तिथं एक नियम आहे. सकाळी साडेदहाला, डबे बाहेर पडायच्या आधी, जेवढ्यांनी रांधलं तेवढे सगळे खाली बसतात आणि मी वाढते. ऑर्डर कितीही मोठी असो, ग्राहक फोनवर कितीही ओरडो. नवीन पोरं संकोचून उठायला लागतात, तेव्हा मी त्यांना खांदा धरून बसवते. माझ्या मागे ते याला बाईंचं वेड म्हणतात. म्हणू देत.

गेल्या सप्टेंबरात मी त्या गावी गेले. नात बरोबर होती, अन्या. ग्लासगोला शिकते, गाडी तीच चालवत होती. वाटेत तिला मी हे सगळं सांगितलं, पहिल्यांदाच कोणालातरी. ती रस्त्यावरची नजर न काढता तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "पण आजी, तू नंतर लेटर का नाही लिहिला? तुला तर फ्रेंच येत होता."

पत्त्याला काय लागलं असतं? गावाचं नाव आणि चौक. चाळीसहून जास्त वर्षं माझ्याकडे होती.

खानावळ होती. रंग नवा, टेबलांवर कागदाऐवजी कापड. मला बाराला पोचायचं होतं, पण विमान उशिरा, भाड्याची गाडी उशिरा, आणि आम्ही दारात आलो तेव्हा एक तरुण बाई खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवत होती. तिनं मान हलवली. किचन बंद झालं.

"आजी, थांब, मी बोलते," अन्या पुढे झाली. "आपण एवढं लांबून आलोय. शी हॅज टू—"

"नको," मी म्हटलं. आणि त्या बाईला फ्रेंचमध्ये म्हटलं, "बरोबर आहे. तुम्ही जेवून घ्या."

मग मी तिला विचारलं, पूर्वी इथं एक बाई असायच्या, बाह्या वर करून, सूप करायच्या. तिला माहीत नव्हतं. ती तीन वर्षांपूर्वीच इथं आली होती. आधीच्या लोकांकडून घेतलं, त्यांनी त्यांच्या आधीच्यांकडून. म्हातारी माणसं गावात आता फार उरली नाहीत, ती म्हणाली. बरीच घरं सुट्टीची आहेत.

आम्ही चौकातल्या दगडी बाकावर बसलो. मी पर्समधून डबा काढला, तूप-साखरेच्या पोळ्यांचा. अन्यानं एक खाल्ली. खिडकीतून आतलं टेबल दिसत होतं. तिघं बसले होते, मधे भांडं होतं, एकजण पाव कापत होता. मी ते बघत राहिले. चर्चच्या घंटेचे दोन टोले पडले. अन्या उठायला लागली तशी मी तिचा हात धरला.

"थांब. परत वाजेल."

आम्ही थांबलो. दोन मिनिटं झाली, चार झाली. ती तरुण बाई जेवण आटपून दारात उभी राहून हात पुसत होती. मी तिला विचारलं, घंटा दुसऱ्यांदा वाजत नाही का?

ती हसली. "पूर्वी वाजायची म्हणतात. सुट्टीवाल्या लोकांनी तक्रारी केल्या, झोप मोडते म्हणून. तुमच्याच इंग्लंडचे होते काही. आता एकदाच वाजते."

मी डब्याचं झाकण लावलं. पोळी एकच खाल्ली गेली होती.